पुलावरचे दोन किलो

देवाने उद्या ही सृष्टी मोडून नवी रचायला घेतली, तर पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊच्या ठोक्याला आमचे साडू तिथे हजर असतील. हातात वही, खिशाला दोन पेनं. डोंगर, समुद्र, झाडंझुडपं यांच्याकडे ते ढुंकूनही बघणार नाहीत. विचारतील, "हे सगळं ठीक आहे, पण वजनं पडताळून घेतलीत का?" देव गडबडला तर तिथल्या तिथे पंचनामा करतील, देवाची सही घेतील आणि एक प्रत त्यालाच देऊन म्हणतील, "जपून ठेवा. लागते." मी हे हवेत बोलत नाही. सहा वर्षं दर रविवारी नारायण पेठेतल्या त्यांच्या घरी, लिफ्ट नसलेल्या इमारतीचे तीन मजले चढून, मी त्यांनी चालवलेल्या एका जगात राहून आलो आहे. त्या जगात राक्षस होते, चेटकिणी होत्या, बोलणारे वृक्ष होते, आणि त्यातल्या प्रत्येकाचं वजन वहीत लिहिलेलं होतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. दुकानातला काटा खरा असेल तर त्यावर शिक्का मारायचा, खोटा असेल तर जप्त करायचा, हे काम. खात्यातून ते निवृत्त झाले, पण त्यांच्यातलं खातं काही निवृत्त झालं नाही. त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे आमच्या ताई, म्हणतात, "आमचा भाजीवाला भाजी तोलून देत नाही हो, शपथेवर देतो." मार्केट यार्डात त्यांनी एकदा एका फळवाल्या बागवानांचा काटा जप्त केला. गुन्हा काय, तर तो काटा गिऱ्हाइकाला किलोमागे वीस ग्रॅम जास्त देत होता! बागवान हात जोडून म्हणाले, "साहेब, नुकसान माझं होतंय, तुम्हाला काय त्रास?" साडू म्हणाले, "जास्त देणं हीसुद्धा चूकच. दानधर्म काट्याने करायचा नसतो, हाताने करावा." दुसऱ्या कुणी साडूंना चार शिव्या हासडल्या असत्या. बागवानांना मात्र हे वाक्य इतकं पटलं की दुरुस्त झालेला काटा घेऊन जाताना त्यांनी साडूंना घरी जेवायला बोलावलं, आणि तेव्हापासून दोघांची घट्ट मैत्री आहे. आता गाळा त्यांचा मुलगा बघतो आणि आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो.

आता त्या जगाविषयी. साडू एका रद्दीच्या दुकानात काटा तपासत असताना पारड्यात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पडलेलं होतं. त्यांनी ते उघडलं तर आत कोष्टकंच कोष्टकं. माणूस किती ओझं घेऊन किती चालतो, दोर किती वजनाला तुटतो, ओल्या लाकडाचा जाळ किती वेळ टिकतो. साडू बिचारे हरखून गेले. पुस्तक एका खेळाचं होतं. खेळ असा, की एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. राक्षस समोर आला की आपण काय करणार ते ज्याचं त्याने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस पैलूंचा फासा टाकून ठरवायचं. जगभर लोक हा खेळ तलवारी चालवायला नाहीतर उडायला मिळावं म्हणून खेळतात. आमचे साडू तो कोष्टकांसाठी खेळायला लागले. पुस्तकातली वजनं पौंडांत होती. साडूंनी दीड वर्ष बसून सगळ्या पुस्तकाचे किलो केले, कारण "पौंड आपल्याकडे कायद्याने बाद आहे." मी म्हटलं, "साडूभाऊ, हा कायदा चेटकिणींनाही लागू आहे का?" तर म्हणाले, "भारतात खेळत असतील तर आहे."

त्यांच्या टेबलावर फासा टाकायचा तर त्यावर शिक्का हवा. दर वर्षी पाडव्यानंतरच्या रविवारी फाशांची पडताळणी व्हायची. ग्लासभर पाण्यात फासा तरंगेपर्यंत मीठ विरघळवायचं, टिचकी मारून त्याला पन्नास वेळा गोल फिरवायचं आणि दर वेळी कुठला आकडा वर येतो ते लिहायचं. तोच तोच आकडा आला तर फासा एका अंगाला जड. उत्तीर्ण फाशाला ताईंच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. मयूर नावाचा अकोल्याचा एक मुलगा आमच्यात खेळायचा, आयटीतला. त्याने परदेशातून हौसेने मागवलेले, आत चिमुकला ड्रॅगन असलेले फासे पहिल्याच वर्षी नापास झाले. साडूंनी ते पावती करून कपाटात ठेवले. मयूर रडवेला होऊन म्हणाला, "काका, त्यात ड्रॅगन हाय न!" साडू शांतपणे म्हणाले, "म्हणूनच. ड्रॅगनचं वजन एका बाजूला आहे."

आम्ही चौघं खेळणारे, आणि चौघांची चार तोंडं चार दिशांना. मयूरला फक्त मारामारी हवी. वाटेत कुणी नुसतं "राम राम" म्हणालं तरी हा फासा उचलून विचारणार, "काका, मारू का त्याले?" साडूंची मुलगी ऋजुता, जी मयूरच्याच ऑफिसात आहे, तिला हवं आपल्या पात्राचं मन. एकदा तिच्या पात्राचं पाळलेलं घुबड मेलं तर त्या पात्राला काय वाटलं हे ती अर्धा तास सांगत होती, आणि मयूर कोपऱ्यात चुळबुळत होता. चाचांना मारामारीही नको आणि मनही नको, त्यांना सौदा हवा. एका गुहेच्या दारावर राक्षस पहाऱ्याला होता, त्याला चाचांनी पाऊण तास घोळात घेऊन काळी पडलेली केळी विकली आणि वर आत जायची वाट विचारून घेतली. मी चित्रकलेचा मास्तर, त्यामुळे नकाशे काढणं माझ्याकडे होतं. मला खरं म्हणजे ताईंचे पोहे हवे होते. या चौघांपैकी कुणालाही कोष्टकं नको होती. पण खेळ साडूंचा, त्यामुळे आम्ही आपापली झोळी किलो-ग्रॅममध्ये लिहून घ्यायचो. माझ्या झोळीत एक लोखंडी कप्पी होती, विहिरीवर असते तशी, दीड किलोची. मी सहा वर्षांत ती एकदाही वापरली नाही, आणि सहा वर्षं तिच्यामुळे माझं पात्र सगळ्यांच्या मागे राहत आलं. टाकून देतो म्हटलं तर साडू म्हणायचे, "टाका की. मग लागली म्हणजे माझ्याकडे बघू नका."

चाचांकडे एक खेचर होतं. गुलाब नाव. चाचांनी ते पहिल्याच रविवारी एका गावात घासाघीस करून घेतलं होतं आणि त्यांचा त्याच्यावर फार जीव. खेळ सुरू झाला की आधी विचारणार, "साहेब, गुलाबने पाणी प्यायलं?" साडू कोष्टक बघून सांगणार, "बावीस लिटर." मग चाचा खूश.

दोन वर्षांपूर्वी ऋजुता ऑफिस जवळ पडावं म्हणून दोन मैत्रिणींबरोबर वाघोलीला राहायला गेली. मयूर तिथलाच, शेजारच्या सोसायटीतला. ती घरातून निघाली तेव्हा साडूंनी नुसतं तिच्या बॅगांचं वजन करून कुठली जड आहे ते सांगितलं. पण रविवारी साडेनऊला ती खेळायला यायची, जेवून जायची, आणि आठवड्यातलं तिचं घरी येणं तेवढंच. ताई मला जिन्यात एकदा म्हणाल्या, "पोरगी आईबापांसाठी येत नाही हो, गोष्टीसाठी येते. येते ना, झालं."

आणि याच पोरीने गेल्या दिवाळीनंतर जाहीर केलं, की बाबांचा खेळ आता पुरे, तिने एक नवा खेळ शोधलाय. नियम दोन पानांत. वजन नाही, कोष्टक नाही, एकच फासा, बाकी सगळी गोष्ट. आणि खेळायचं वाघोलीला. "बाबा, तुमच्या खेळात आम्ही सहा वर्षांत एक दरी ओलांडली नाही. सामानच मोजतोय!" साडूंचा चेहरा जरा उतरला, पण माणूस निरीक्षक. म्हणाले, "दोन्ही काटे तपासू. एक रविवार तुझा, एक माझा. मग चौघांनी चिठ्ठ्या टाकायच्या. मोजणी मी करणार, म्हणून मी मत देणार नाही. बरोबरी झाली तर जसं आहे तसं." दोन मतं मिळाली असती तरी त्यांचं टेबल वाचलं असतं. ही सवलतही त्यांनी स्वतःसाठी मागून घेतली नव्हती, बरोबरीचा नियमच तसा होता.

ऋजुताच्या रविवारी साडू आयुष्यात पहिल्यांदा सूत्रधार सोडून साधं पात्र झाले. वाघोलीच्या सातव्या मजल्यावर, लिफ्टने. पहिल्याच मिनिटाला त्यांनी विचारलं, "माझ्याकडे दोर आहे का?"

"हवा असेल तर आहे, बाबा."

"म्हणजे आहे की नाही?"

"अहो, तुम्हाला गरज वाटली की आहे!"

साडूंनी वहीत लिहिलं, 'दोर', आणि पुढे किती मीटर ते लिहायची जागा मोकळी सोडून तिच्याकडे बघत राहिले. ती जागा शेवटपर्यंत मोकळीच राहिली. बाकी आम्ही मात्र मजा केली हो, खोटं कशाला बोला! मयूरने एका दमात सतरा जण मारले. मी एका बुरुजावरून उडी मारली आणि मला काही झालं नाही. चाचांना ऋजुता म्हणाली, "आणि गुलाब आहेच बरोबर, ते उडी मारून पलीकडे येतं." चाचा "वा, वा" म्हणाले. सहा वर्षांत ओलांडता आली नव्हती ती दरी आम्ही चहाच्या आत पार केली.

पुढचा रविवार साडूंचा. त्यांनी काय करावं? शहाण्या माणसाने त्या दिवशी चार राक्षस मारू दिले असते, एखादा खजिना सापडू दिला असता. साडूंनी आम्हाला तीच दरी दिली. वर दोरांचा झुलता पूल, मागून लांडग्यांची टोळी, आणि पूल एका वेळी तीनशे किलो पेलणार, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. मी, ऋजुता आणि मयूर पलीकडे पोचलो. चाचा आणि गुलाब अलीकडे. लांडगे जवळ येत होते, त्यामुळे एकच फेरी शक्य होती, आणि झुलत्या पुलावर जनावर धन्याशिवाय पाऊल टाकत नाही, असं कोष्टक. साडूंनी बेरीज केली. "खेचराला सोडून या. एकटे आरामात याल." चाचा म्हणाले, "गुलाबला सोडून मी येणार नाही, साहेब."

मग सुरू झालं सामान टाकणं. खोगीर दरीत गेलं. हंडा गेला, शिधा गेला, विकायला आणलेलं केशर गेलं. चाचांनी पात्राचे जोडे काढले, पगडी काढली. मयूर ओरडत होता, "चाचा, तलवार फेका न!" ऋजुताचे डोळे भरले होते, आणि सांगायला हरकत नाही, पोह्यांची आठवण मलाही राहिली नव्हती. मनाविषयी एक अवाक्षर न बोलता सहा वर्षांत त्या टेबलावर इतकी जिवाची घालमेल कधी झाली नव्हती. शेवटी टाकण्यासारखं काही उरलं नाही. साडूंनी बेरीज केली. पुन्हा केली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा केली. ताई पोह्यांच्या बशा घेऊन दारातच थांबल्या होत्या.

"तीनशे दोन," साडू म्हणाले.

"बाबा, दोन किलो!" ऋजुता म्हणाली. "दोन किलोंनी काय होतं?"

आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की चाचांचं मत या पुलावर लोंबकळतंय, माझंही लोंबकळतंय, आणि रविवारी सकाळी या घराची बेल वाजणार की नाही हेही त्यावरच आहे. साडूंनाही ते ठाऊक होतं, आमच्यापेक्षा जास्त. त्यांनी फक्त "हं" म्हणायचं होतं. कुणी वही तपासायला येणार नव्हतं. पण ते चाचांकडे वळून म्हणाले, "चाचा, जायचं का?" चाचा म्हणाले, "जायचं." आणि साडू म्हणाले, "पूल तुटला."

फासा टाकल्यावर चाचांचं पात्र कड्यातल्या एका कपारीला अडकलं. गुलाब खाली गेलं. खाली धुकं होतं, त्याचं काय झालं ते दिसत नव्हतं, आणि साडेबारा वाजले होते.

चिठ्ठ्या टाकल्या. साडूंनी त्या ताईंच्या पोळ्यांच्या डब्यातून एकेक काढून वाचल्या, प्रत्येक चिठ्ठी दोन्ही बाजूंनी दाखवून. वाघोली, वाघोली, नारायण पेठ, वाघोली. "तीन विरुद्ध एक. मोजणी बरोबर आहे," म्हणाले, आणि पोहे गार झालेत म्हणून ताईंना गरम करायला सांगितले. नारायण पेठ लिहिणारे चाचा होते, ज्यांचं खेचर दरीत गेलं ते! जिन्यात मी त्यांना गाठून विचारलं, "चाचा, अहो, तुम्ही?" ते म्हणाले, "मास्तर, तिकडे गुलाबने उडी मारली ना, तेव्हा मला कळलं, की तिकडे गुलाब नाहीच आहे. इकडे पडलं, म्हणजे होतं." तिसरं वाघोली कुणाचं, हे सांगायची मला लाज वाटते. मास्तरकीतलं माझं वळणदार अक्षर, साडूंनी ते ओळखलं नसेल असं म्हणायची सोय नाही. कारण विचाराल तर दोन किलोंचा राग, आणि लिफ्ट. माझे गुडघे दुखतात.

वाघोलीला मी सात रविवार गेलो. ऋजुताने पहिल्याच रविवारी एका वाक्यात गुलाबला वाचवलं, पण चाचा आलेच नाहीत. साडू दोनदा आले, कोपऱ्यात बसून "मी आहे" एवढंच म्हणाले, मग तेही यायचे थांबले. खेळ छान चालला होता. आम्ही आकाशात गेलो, समुद्राच्या तळाशी गेलो, मी एकदा चंद्रावर नकाशा काढला. आणि सोमवारी सकाळी मला त्यातलं काहीही आठवायचं नाही. भरलेल्या बसमधून आलेल्या माणसाला उतरल्यावर शेजारी कोण बसलं होतं ते आठवत नाही, तसं व्हायचं. आठवायची ती लोखंडी कप्पी.

आठव्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, तीन मजले चढून मी साडूंकडे गेलो. मनात म्हटलं, खडूसपणा करतील तर करू देत. दार ताईंनी उघडलं आणि बोटाने आत दाखवलं. टेबलावर साडू आणि चाचा समोरासमोर बसले होते, मध्ये जाडं पुस्तक.

"धुक्यात उतरायला चार दिवस लागले," साडू मान वर न करता म्हणाले, जणू मी पाणी प्यायला उठून परत आलो होतो. "गुलाब जिवंत आहे. चाचांनी वीस टाकला, शिक्क्याच्या फाशाने. पाय मुरगळलाय. लांडगे अलीकडच्या काठावर बसलेत, म्हणून पलीकडूनच वर ओढायला लागणार. दोर झाडाला बांधायची सोय आहे, पण वर कप्पी लावायला माणूस नाही."

"तुमच्या झोळीतली," चाचा म्हणाले आणि हसले.

मी खुर्ची ओढून बसलो. उगाच विचारलं, "माझं पात्र अजून आहे तिथे?"

साडूंनी फाइल उघडली. आमच्या तिघांचे कागद नीट लावलेले होते. पूल तुटल्यापासून खेळातले अकरा दिवस झाले होते, आणि अकराही दिवस आम्ही तिघं पलीकडच्या काठावर बसून काय जेवलो ते साडूंनी लिहिलं होतं. मयूरने रोज दुप्पट खाल्लं होतं. माझा शिधा चौदा दिवसांचा, अकरा गेले म्हणजे तीन दिवस उरायला हवे होते. कागदावर एकच उरला होता.

"हे काय?" मी म्हटलं. "इथे दोन दिवसांचा घोळ आहे, साडूभाऊ."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांची मोजणी चुकलेली पकडली होती. त्यांनी खिशातलं एक पेन काढलं, परत ठेवलं, दुसरं काढलं.

"ऋजुताने निघताना नऊच दिवसांचा घेतला होता. नेहमीसारखा कमी," ते म्हणाले. "परवा संपला. तुमच्यातला दोन दिवसांचा तिला दिला. तुम्ही नव्हतात, त्यामुळे तुमची संमती घ्यायची राहिली."

आणि कागद माझ्यापुढे सरकवून, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "इथे सही करा."

मी सही केली, आणि गॅलरीत जाऊन ऋजुताला फोन लावला.